चाल त्याची, गाणं तिचं: मेक्सिको सिटीतल्या एका बॅलडचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाणं स्पॅनिश, प्रकार बॅलड आणि विषय जुनाच: तो सोडून गेला, ती कोलमडली, आता सावरून उभी राहतेय. 2023 चा पावसाळा सरल्यावर मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते भागात एका फ्लॅटमधल्या स्टुडिओत त्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. माझ्याकडे व्होकल एडिटिंग होतं, म्हणजे गायिकेचे सगळे टेक ऐकायचे आणि त्यांतून एक सलग आवाज जुळवायचा. त्यामुळे पुढच्या बहुतेक बोलण्यांच्या वेळी मी खोलीत होतो. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत.

गायिका कोलंबियाची, तिशीतली. स्पॅनिश पॉपमध्ये नाव काढायचं तर मायामी किंवा मेक्सिको सिटी टाळून भागत नाही, म्हणून ती इथं आली. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागची साथ गायली, हॉटेलांत गायली, लग्नांत गायली. पाठीशी मोठी कंपनी नव्हती. एक मॅनेजर होता, एक प्रोड्युसर होता आणि बँकेत दोन गाण्यांपुरते पैसे होते.

लॅटिन बॅलड म्हणजे बोलेरो या जुन्या संथ प्रेमगीतांच्या प्रकारातून निघालेला आणि साठच्या दशकात इटालियन-फ्रेंच पॉपचं पाणी प्यालेला प्रकार. संथ लय, पियानो, व्हायोलिनांचा भरणा आणि शेवटाकडे गळा मोकळा सोडून लावलेला वरचा सूर. 15 मार्च 1970 ला मेक्सिको सिटीतल्या एका गीतस्पर्धेत होसे होसे या तरुण गायकानं रोबेर्तो कांतोरालची एक बॅलड गायली. त्याला तिसरा क्रमांक मिळाला. लोकांच्या लक्षात मात्र तोच राहिला, आणि शेवटचा सूर असाच लागला पाहिजे ही अपेक्षा तेव्हापासून बॅलडच्या मानगुटीवर बसली ती उतरली नाही. कोलंबियात या जुन्या गाण्यांना 'इस्त्रीची गाणी' म्हणतात, कारण घरोघरी इस्त्री करताना रेडिओवर तीच लागलेली असायची. चिलीत म्हणतात 'कांद्याची गाणी', रडवतात म्हणून. आमच्या गायिकेचे कान या इस्त्रीच्या गाण्यांवरच तयार झालेले.

या परंपरेतली एक गंमत पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो. ताठ मानेनं 'जा आता' म्हणणाऱ्या बायकांची कितीतरी गाणी पुरुषांनी लिहिली आहेत. स्पेनची गायिका रोसिओ हुरादोच्या मागे गीतकार मानुएल आलेहांद्रो होता. मेक्सिकोच्या लुपिता दालेसिओनं हुआन गाब्रिएल या गायक-गीतकाराचं गाणं असं गायलं की ते तिनंच रागाच्या भरात लिहिलं असावं असं वाटतं. ऐकणाऱ्या बायकांना त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

गायिकेचा जोडीदार गिटार वाजवायचा. दोघं एकाच घरात राहत होती. नंतर दुसरी कोणीतरी आली आणि तो गेला. या प्रकरणापुरतं एवढं पुरे. तो गेल्यावर काही आठवड्यांत तिनं गाण्याचे शब्द लिहिले आणि कडव्यांना चाल लावली. प्रोड्युसरनं स्वरसंगती बांधली, मधला ब्रिज, म्हणजे चालीला वळण देणारा तुकडा, रचला. गाणं 14 फेब्रुवारीच्या सुमारास बाहेर काढायचं ठरलं. मेक्सिकोत तो प्रेमाचा आणि मैत्रीचा दिवस, आणि ज्यांचं मोडलंय तेही त्याच दिवशी रेडिओ जास्त ऐकतात, असं मॅनेजरचं म्हणणं.

अडचण

कोरसचे, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदाचे, टेक निवडताना मी प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या जुन्या फायली चाळत होतो. त्यांत 'सोफा 2' नावाची एक फाइल होती. मिनिटभराचंसुद्धा रेकॉर्डिंग नाही, फोनवर केलेलं. एक पुरुष गुणगुणतोय, शब्द नाहीत, नुसतं 'ना ना ना'. मागून एक बाई हसतेय. आणि त्याच्याही मागून, या शहरात राहिलेल्या कोणालाही ओळखू येईल असा, गल्लीतल्या भंगारवाल्याच्या गाडीवरचा भोंगा: मुलीच्या आवाजात रेकॉर्ड केलेली ती लांबट हाळी, गाद्या, फ्रिज, जुनं लोखंड, काय असेल ते विकत घेतो म्हणणारी.

गुणगुणणं ऐकून मी कोरस लावला. पहिली चार आवर्तनं सुरासकट तीच होती. लय बदलली होती. सोफ्यावर ती उडती होती, गाण्यात संथ झाली होती. कोरसची पुढची चार आवर्तनं मात्र पूर्ण वेगळी, तिची.

गायिकेला ऐकवलं. तिनं हेडफोन काढले, पुन्हा घातले, पुन्हा ऐकलं. म्हणाली, "हो. ही त्याची आहे." तिनं काही लपवलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. घरात कोणी वर्ष-दोन वर्षं एकच चाल गुणगुणत राहिलं की ती भिंतींची होऊन जाते, कोणाची ते आठवत नाही. ही फाइल तिनंच जुन्या फोनवरून बाकीच्या कच्च्या मालासोबत ढकलली होती.

म्हणजे पेच असा. 'तुझं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही' असं सांगणारं गाणं, आणि त्याचा लोकांच्या ओठांवर बसणारा तुकडाच नेमका त्याचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मॅनेजरनं जागच्या जागी सुचवला: फाइल उडवा, गप्प राहा. कोणाला कळणार आहे? पण चाल आपली आहे हे त्या सोडून गेलेल्या जोडीदाराला माहीत होतं, आणि रेकॉर्डिंगची प्रत त्याच्या फोनवर असण्याची शक्यता दाट होती. गाणं पडलं तर तो काही बोलणार नाही. चाललं तर नक्की बोलेल. म्हणजे ज्या दिवशी आनंद करायचा, त्याच दिवशी वकिलाची नोटीस.

दुसरा पर्याय चाल बदलण्याचा. प्रोड्युसर आणि गायिकेनं यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवली. पहिली चार आवर्तनं नवीन केली की कोरस बरा वाटायचा, पण कडव्यातून कोरसमध्ये शिरताना जी उडी होती ती जायची. ती उडी हीच या गाण्याची ताकद. कडवं खर्जात घुटमळत असतं आणि कोरसचा पहिला सूर एकदम सहा स्वर वर लागतो. बदललेल्या चालींत गाणं सभ्य झालं, आणि सभ्य बॅलड कोणी ऐकत नाही.

तिसरा पर्याय: एकरकमी पैसे देऊन हक्क विकत घ्यायचे. मॅनेजरला हा आवडला. इथं मेक्सिकोचा कायदा आडवा आला. तिथल्या कॉपीराइट कायद्यात लेखक-संगीतकाराचा नैतिक हक्क, म्हणजे 'हे माझं आहे' असं म्हणवून घेण्याचा हक्क, विकताच येत नाही. तो सोडून देतो म्हटलं तरी सुटत नाही. आर्थिक हक्क देता येतात, पण लेखी, मोबदला घेऊन आणि मुदतीपुरते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. पंधरा वर्षांहून जास्त मुदत फक्त अपवाद म्हणून, कामाचं स्वरूप किंवा गुंतवणुकीचा आकार तसा असेल तर. तीन-साडेतीन मिनिटांच्या बॅलडला हा अपवाद कोण लावून देणार? म्हणजे आज विकत घ्यायचं आणि पंधरा वर्षांनी पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभं राहायचं.

चौथा पर्याय: वाटा द्यायचा आणि नाव लावायचं. कायद्याची मूळ मांडणी अशी की वेगळा करार नसेल तर शब्द आणि संगीत यांचा हक्क निम्मानिम्मा. संगीत एकाहून अधिक जणांचं असेल आणि कोणाचं काय हे करारानं ठरलेलं नसेल, सिद्धही होत नसेल, तर त्यांच्यात समान वाटणी. दोघांपैकी एक बाजू पूर्ण गाणं वापरू शकते, पण दुसऱ्याला पुरावा राहील अशा रीतीनं कळवायचं, त्याचं नाव द्यायचं आणि पैसे मिळाले तर त्याचा भाग पोचवायचा. म्हणजे गाणं अडवून ठेवण्याइतकी ताकद त्याच्या हातात नव्हती, पण त्याला गाळून पुढे जाण्याची सोयही नव्हती.

भारतातली चौकट थोडी वेगळी आहे, हे आपल्याकडच्या गायक-संगीतकारांनी लक्षात ठेवावं. आपल्या कायद्यात गीत ही एक कृती आणि चाल ही दुसरी, दोघांचे मालक वेगवेगळे. 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कोणाला लिहून देता येत नाही. अपवाद वारस आणि कॉपीराइट सोसायटीचा, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचा. पण 'ही चाल कोणाची?' हा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून विचारला जातो आणि बैठकीत गाणारा माणूस गाण्याआधी ते नाव घेतो. मेक्सिकोतही मंचावर अशी नावं घेतात. अडतं ते कागदावर.

पाचवा पर्याय मॅनेजरनं अर्धवट थट्टेत काढला: त्यालाच बोलवा आणि युगुलगीत करा. अर्जेंटिनाच्या पिम्पिनेला जोडीनं 1982 मध्ये जोडप्याचं दारातलं भांडण गाऊन अख्खा खंड जिंकला होता. पण ती दोघं सख्खी बहीण-भाऊ, भांडण गाऊन संपल्यावर एकाच घरी जेवायला जाणारी. गायिका यावर हसलीसुद्धा नाही.

पहिला निर्णय: वाटा किती

मॅनेजरचा मुद्दा भावनेचा होता आणि तो सोपा होता. "त्यानं तुला फसवलं, आणि तू त्याला पैसे देणार? स्वाभिमानाचं गाणं गाऊन?" त्यानं हुआन गाब्रिएलचंही उदाहरण दिलं. रेकॉर्ड कंपनीशी गाण्यांच्या हक्कांवरून वाद झाल्यावर हुआन गाब्रिएलनं 1986 पासून 1994 पर्यंत नवीन गाण्यांचा अल्बम काढला नव्हता. "बघ, आपलं ते आपलं म्हणून आठ वर्षं गप्प बसला तो माणूस." मॅनेजरला यातून 'काही देऊ नकोस' असं सुचवायचं होतं. गायिकेनं उलटा अर्थ काढला: जो आपल्या गाण्यासाठी आठ वर्षं थांबतो, त्याच्या वंशातल्या लोकांनी दुसऱ्याची चाल ढापायची नसते.

पण खरं कारण तिनं नंतर जेवताना सांगितलं, आणि ते तत्त्वाचं नव्हतं. तिला नको होतं की पाच वर्षांनी एखाद्या रात्री त्याचा फोन यावा आणि त्याच्याकडे फोन करायला रास्त कारण असावं. तिला हिशोब मिटवायचा होता. दिलं नाही तर तो उघडा राहणार. गाणं जितकं वाजेल तितका जास्त उघडा.

गाण्याचे शंभर भाग धरले. शब्दांचे पन्नास तिचे, त्यात वाद नव्हता. संगीताच्या पन्नासांत तिघं. समान वाटणी केली असती तर प्रत्येकाला साडेसोळाच्या वर थोडे मिळाले असते. तिनं त्याला पंचवीस दिले, प्रोड्युसरला पंधरा, स्वतःला दहा. तिचा युक्तिवाद असा की कोरस म्हणजेच गाणं, म्हणून संगीताचा अर्धा भाग त्याचा.

मला हे आजही पटत नाही. चार आवर्तनं त्याची, पण ती संथ करून त्या कडव्यानंतर बसवणं हे काम तिचं. सोफ्यावरची चाल लहान मुलाला खेळवायची होती. रडवणारी ती झाली तिच्या हातात. सोळावर ठरलं असतं तर तोही नाही म्हणाला नसता, असं मला वाटतं. मी हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "मला घासाघीस करायची नाही." यात स्वाभिमान किती आणि थकवा किती, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. पण अशा वेळी आकडा ठरवण्याचं काम दुःखात असलेल्या माणसाकडे देऊ नये, एवढं नक्की म्हणेन.

एक गोष्ट इथं स्पष्ट करायला हवी, कारण मॅनेजरलाही ती उशिरा कळली. हा वाटा फक्त रचनेचा. रेकॉर्डिंग ही वेगळी मालमत्ता, तिचा वेगळा कोड, वेगळी कमाई, आणि ती पूर्ण गायिकेची राहिली. पंचवीस टक्के म्हणजे सगळ्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा नव्हे. हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहून दाखवलं असतं तर मॅनेजरचा निम्मा संताप वाचला असता.

दुसरा निर्णय: सोफ्यावरचा आवाज

आता प्रोड्युसर पेटला. त्याला 'सोफा 2' गाण्याच्या सुरुवातीला हवी होती: भोंगा, गुणगुणणं, तिचं हसू, मग शांतता, मग पियानो. त्यानं रात्री बसून ते जोडलं आणि आम्हाला ऐकवलं. अंगावर काटा आला. ऐकणाऱ्याला एक शब्द न सांगता अख्खं सुखी घर कळायचं, आणि तीच चाल कोरसमध्ये फुटून यायची.

चालीचा वाटा देणं वेगळं आणि माणसाचा प्रत्यक्ष आवाज वापरणं वेगळं. त्यासाठी त्याची स्वतंत्र परवानगी लागली असती. प्रोड्युसर म्हणाला, मागू. मॅनेजर म्हणाला, नुसतं हसू ठेवू, त्याचा आवाज कापू. मी प्रयत्न केला, पण दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळलेले होते की गुणगुणणं काढलं की हसूही खरडल्यासारखं व्हायचं.

गायिका नाही म्हणाली. कारण दिलं नाही, कोणी विचारलंही नाही. कानानं विचाराल तर मी अजूनही प्रोड्युसरच्या बाजूचा आहे. आमच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात चांगली पंधरा-वीस सेकंदं बाहेर आलीच नाहीत. पण रोज मंचावर गायचं तिला होतं, आणि प्रत्येक प्रयोगाआधी स्पीकरमधून तो आवाज ऐकायची तिची तयारी नव्हती.

तिसरा निर्णय: शेवटचा कोरस

मूळ बांधणी ठरीव होती. गाणं आपल्या पेटीवर पांढरी सहामध्ये, आणि शेवटच्या कोरसला एक स्वर वर, पांढरी सातमध्ये. बॅलडमध्ये ही चढण जवळजवळ रिवाजाची. पहिल्या पट्टीत कोरसचा सर्वात वरचा सूर तार सप्तकातला मध्यम. चढल्यावर तो सूर तिच्या मोकळ्या आवाजाच्या कडेला जायचा. लागायचा, पण ओरडल्यासारखा.

त्या ओरडण्यात विनवणी ऐकू यायची, हे पहिल्यांदा लक्षात आलं प्रोड्युसरच्या बायकोच्या. ती चहा घेऊन आली होती. ऐकून म्हणाली, "ही अजून त्याला बोलावतेय." शब्द 'जा' म्हणत होते आणि गळा 'ये' म्हणत होता.

शब्दांचाही प्रश्न होता. पहिल्या मसुद्यात शेवटच्या कोरसला 'माझी किंमत मला कळली' या अर्थाची ओळ होती. मॅनेजरच्या दृष्टीनं ती सोन्याची होती, कारण पोस्टरवर छापता येत होती. जानेवारी 2023 मध्ये शाकिरानं अर्जेंटिनाच्या बिसारापसोबत केलेलं गाणं जगभर गाजल्यापासून प्रत्येक मॅनेजरला अशी टोमणा मारणारी, उचलून धरता येणारी ओळ हवी होती. पण शाकिराच्या गाण्यात ठेका होता, डंख होता आणि तो डंख मारायला लागणारा दबदबा होता. संथ पियानोवर तीच मात्रा चालत नाही. स्वतःची किंमत मोठ्यानं सांगावी लागली की ऐकणाऱ्याला शंका येते.

तिनं ती ओळ काढून टाकली आणि जागी एक साधी सूचना घातली: चावी खाली रखवालदाराकडे ठेव, वर येऊ नकोस. मेक्सिको सिटीच्या बऱ्याच जुन्या इमारतींत खाली रखवालदार असतो, त्यामुळे ही ओळ तिथल्या माणसाला लगेच दिसते. पट्टी चढवायची नाही असं ठरलं. उलट शेवटच्या कोरसची पहिली चार आवर्तनं, म्हणजे नेमकी त्याची, ती एक सप्तक खाली, बोलल्यासारखी गायली. वरचा आवाज लागतो तो पुढच्या चार आवर्तनांत, तिच्या स्वतःच्या चालीवर. हे आधी आखलेलं नव्हतं. एका टेकला आवाज बसल्यामुळे ती खाली गायली, आणि आम्ही तिघंही मान वर करून बघायला लागलो.

कार्यवाही

इथं गाडी घसरली. त्याला कळवायचं काम मॅनेजरनं घेतलं आणि व्हॉट्सअॅपवर जो मजकूर पाठवला तो अंगावर गेल्यासारखा होता: तुझ्याकडे पुरावा नाही, तरी मोठ्या मनानं काही देतोय, अशा थाटाचा. त्यानं उत्तर दिलं नाही, वकिलानं दिलं. मग दोन वकील, तीन आठवडे शांतता, पुन्हा पत्र. 14 फेब्रुवारी निघून गेला. बुक केलेल्या जाहिरातींचे काही पैसे बुडाले.

मार्चअखेर गायिकेनं स्वतः ईमेल लिहिला. तीन वाक्यं. कोरसची पहिली चार आवर्तनं तुझी आहेत. रेकॉर्डिंग जोडलं आहे. पंचवीस टक्के आणि नाव, मान्य असेल तर सोबतच्या कागदावर सही कर. नमस्कार-चमत्कार काही नाही. आठवड्याभरात सही आली. त्याची अट एकच होती: श्रेयनामावलीत वडिलांच्या आडनावापुढे आईचं आडनावही हवं.

मग कागद सरळ लागले. तिघांच्या सह्यांची वाटणीची शीट झाली. इंदाउतोर या सरकारी कॉपीराइट कार्यालयात तिघांच्या नावानं नोंदणी झाली. हक्क नोंदणीमुळे निर्माण होत नाही, तो कृतीबरोबरच असतो, पण भांडणात नोंदणीचा कागद कामाला येतो. तिघांनी आपापल्या कॉपीराइट सोसायटीकडे तेच आकडे कळवले. कलाकार वेगवेगळ्या देशांतले असतील तर आकडा एका ठिकाणी पंचवीस आणि दुसरीकडे तीस असा राहून जातो, आणि मग पैसे अडकून पडतात.

आता तारीख कोणती? कोलंबियात प्रेमाचा आणि मैत्रीचा दिवस फेब्रुवारीत नसतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. हे गायिकेला जन्मापासून माहीत होतं. मेक्सिकोच्या कॅलेंडरात अडकलेल्या आमच्या डोक्यात आलं नव्हतं. गाणं सप्टेंबरमध्ये आलं, आणि पहिला जोर मेक्सिकोऐवजी कोलंबियातल्या रेडिओवर लावला.

निष्पत्ती

गाणं फार मोठं झालं नाही. कोलंबियात इस्त्रीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ते जुन्यांच्या जोडीला वाजायला लागलं, आणि तिच्या प्रयोगांत लोक रखवालदाराची ओळ तिच्याआधी म्हणतात. तिचं पोट आजही प्रयोगांवरच आहे.

कागदांचा खरा उपयोग झाला तो काही महिन्यांनी. एका मारियाची समूहाला, म्हणजे व्हायोलिन, तुतारी, गिटार घेऊन गाणाऱ्या मेक्सिकन वादकांच्या ताफ्याला, हे गाणं आपल्या पद्धतीनं करायचं होतं. त्यांच्या प्रकाशकानं हक्कांची वाटणी मागितली, ती त्याच दिवशी गेली आणि परवाना मिळाला. वाद उघडा असता तर त्यांनी दुसरं गाणं उचललं असतं. मारियाचींना बॅलडांची ददात नाही.

न धरलेला परिणाम एक झाला. श्रेयनामावली आता फोनवर दोन बोटांच्या अंतरावर असते. आईच्या आडनावासकट पूर्ण नाव दिसल्यावर चाहत्यांनी दोन दिवसांत छडा लावला आणि त्याच्या इन्स्टाग्रामवर तुटून पडले. मॅनेजरला ही फुकटची प्रसिद्धी वाटली. गायिकेनं एकच ओळ टाकली: कोरसची सुरुवात त्याची आहे, आवडली असेल तर ते त्याला सांगा. आरडाओरड ओसरली. मॅनेजर आणि ती त्यानंतर थोड्याच दिवसांत वेगळे झाले.

वेगळं काय करता आलं असतं

वाटणीची शीट चाल सुचली त्याच दिवशी भरायला हवी होती, हे सगळेच सांगतात. पण घरात सोफ्यावर बसलेल्या जोडप्यानं टक्केवारी लिहून ठेवावी ही अपेक्षा कोणीच पाळणार नाही. जमण्यासारखं आहे ते एवढंच: फोनवरचे असे तुकडे तारीख आणि नावासकट ठेवावेत आणि गाणं स्टुडिओत जाताना एकदा ऐकून घ्यावेत. आमच्या बाबतीत ते पहिल्या दिवशी झालं असतं तर चाल बदलायची की नाही हे कोरस बांधण्याआधी ठरलं असतं.

टोपणनावाचा पर्याय कोणाच्याच डोक्यात आला नाही. मेक्सिकोच्या कायद्यात टोपणनावानं कृती नोंदवता येते. त्याच्यापुढे तो ठेवला असता तर कदाचित त्यानं घेतला असता, आणि पुढचा तमाशा टळला असता. दोन्ही आडनावांचा त्याचा आग्रह पाहता बहुधा नसताच घेतला, पण विचारायला काही पडत नव्हतं.

पहिला संपर्क मॅनेजरकडे द्यायला नको होता. तिनं स्वतः लिहायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. तेव्हा तिची ती स्थिती नव्हती. वकिलाचं कोरडं पत्र पुरलं असतं. अंगावर जाणाऱ्या एका संदेशाची किंमत सात महिने झाली, जरी त्या सात महिन्यांमुळेच गाण्याला त्याची योग्य तारीख मिळाली.

आणि पंचवीसचा आकडा. अलीकडे तिला याबद्दल पुन्हा विचारलं. आता ठरवायचं असतं तर वीस दिले असते, म्हणाली. मी अजून सोळावरच आहे.